कोंबड्याजवळ

भरमा मुतगेकर अक्षरांचे पैसे घ्यायचा,
फुटाला तीन रुपये, मराठी असो की कानडी,
वेलांटीचे वेगळे नाहीत.
चित्राचे घेत नसे.
चित्राचा दर मला अजून कळलेला नाही बघ, म्हणायचा,
कळला की सांगतो.

वडगावात इराप्पा कामकराच्या मागांच्या शेडवर
नाव लिहून झालं आणि डब्यात लाल उरला.
वाळवायचा कशाला, म्हणून त्यानं कोंबडा काढला.
मी आठवीत होतो, शिडी धरायचो.
आधी डोळा.
बाकीचा पक्षी दोन दिवस नव्हताच,
नुसता डोळा, ताटलीएवढा,
आणि गल्लीतली कुत्री भिंत सोडून चालायची.

ह्यानं साडी जास्त खपणार काय, इराप्पानं विचारलं.
नाही.
मग?
मग काय नाही.

शेडमध्ये दिवसभर खडखडाट,
शेजारच्याचं बोललेलं ऐकू यायचं नाही.
गंगव्वा कांड्या भरायची. तिला दोन्हीतली एकही लिपी येत नव्हती.
दुपारी समोरच्या कट्ट्यावर बसायची,
भाकरी मांडीवर, तोंड भिंतीकडे.
एकदा म्हणाली, ह्याची डावी तंगडी दुखते काय रे?
भरमा दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आला,
वितीनं मोजली. आखूड होती खरी, दोन बोटं.
तशीच ठेवली.
दुखू दे, म्हणाला, तिला कळलीय ती.

मग ती रात्र.
कुणी कुणाच्या पाट्यांना डांबर फासलं
ते इथं सगळ्यांना ठाऊक आहे,
आणि प्रत्येकाला वेगळं ठाऊक आहे.
सकाळी गल्लीभर काळं, ओलं, नाकात जाणारं.
इराप्पाचं नाव गेलं, कारखाना गेला,
फोन नंबरातले तीन आकडे गेले.
कोंबडा होता.

नुसता होता असं नाही.
डांबराचा ब्रश शेपटापाशी येऊन वळला होता,
एकेका पिसाच्या कडेनं, सावकाश,
रात्री, बॅटरीच्या उजेडात,
मागं माणसं ओरडत असताना.
भरमानं चष्मा कपाळावर सरकवला,
नाक भिंतीला लावून ती कड पाहिली.
मला वाटलं, आता शिव्या देईल.
हात चांगला आहे लेकराचा, म्हणाला.
कुठं थरथरला नाही.

चार महिन्यांनी एक पोरगं काम मागायला आलं.
नखांत काळं.
मी त्याच्या नखांकडे पाहिलं, भरमानं नाही पाहिलं.
कुठल्या बाजूचं होतं ते मी सांगणार नाही.
कड त्याला शिकवावी लागली नाही.
आत काय भरायचं, ते शिकवत बसला म्हातारा
सहा वर्षं.

पुढं फ्लेक्स आलं.
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभ्याउभ्या कडक झाले,
भरमाही गेला, एका मे महिन्यात.
रस्ता रुंद झाला तेव्हा शेड पाडली.
जेसीबीला काय, डोळा आधी की तंगडी आधी.

परवा स्टँडवरून रिक्षा केली.
ड्रायव्हर विशीतला,
भिंत पडली तेव्हा पाळण्यात असेल.
मी क्रॉसचा नंबर सांगत होतो, मंदिराची खूण सांगत होतो,
त्यानं मध्येच तोडलं,
हुंजद गोडी हत्तिर?
कोंबड्याच्या भिंतीजवळ?
हौद, म्हणालो.
पुढं बोलता येईना.

साठ रुपये झाले.
उतरलो. मोबाईलचं दुकान, शहाळीवाला,
आणि डोळा असायचा त्या उंचीवर
हवा.
मी मान तेवढीच वर केली, सवयीनं.
शेजारी बसची वाट बघत उभी असलेली बाई
माझ्याकडे बघून
तिकडंच बघायला लागली.